वास नाही

लोकांना वाटतं, अठ्ठावीस वर्षं सडलेले पाय धुतलेल्या बाईला किळस येत नसणार. साफ खोटं आहे. मला लहानपणापासून सगळ्याचीच किळस येते. दुधावरची साय, मोरीच्या जाळीत अडकलेले केस, नीट न वाळलेला टॉवेल, लग्नाच्या पंगतीत शेजारी बसून बोटं चाटणारी माणसं. फक्त मिरजेच्या आमच्या पायांच्या हॉस्पिटलात, ड्रेसिंगच्या टेबलापाशी, त्या किळसेचा उपयोग होतो. जखमेवरची पट्टी सोडली की माझं पोट ढवळतं, आणि ते कसं ढवळलं यावरून आत काय चाललंय ते मला कळतं.

मेलेल्या उंदरासारखा वास आला तर मांस आतून कुजतंय. शिळ्या ताकासारखा आला तर फार घाबरायचं कारण नाही. सगळ्यात वाईट वास गोड असतो. स्यूडोमोनास नावाचा एक जिवाणू आहे. तो जखमेत माजला की पट्टीवर हिरवट डाग पडतो आणि उतरलेल्या द्राक्षांसारखा वास सुटतो. माझं माहेर तासगावकडचं. बेदाण्याच्या शेडमध्ये रॅकखाली गळून पडलेले मणी आंबायचे, त्यावर चिलटांचे थवे बसायचे आणि मला तिथंच अभ्यासाला बसवलं जायचं. तेव्हापासून मी द्राक्षाला तोंड लावलेलं नाही. पण तो वास मला वॉर्डाच्या दारातूनच ओळखू यायचा. लॅबचा रिपोर्ट तीन दिवसांनी यायचा आणि मी सांगितलं तेच त्यात असायचं.

"मगदूम सिस्टर, जरा हुंगून बघा," असं मोठमोठे सर्जन मला म्हणत. मध्यंतरी हॉस्पिटलनं वास ओळखणारं एक यंत्र आणलं होतं. पेशंटनं तंबाखू खाल्ली असली की ते गोंधळायचं. सध्या ते स्टोअरमध्ये चादर पांघरून बसलंय. मी नाक वर करून चालते असं पोरी मागून म्हणायच्या, आणि ते खरंच होतं.

मग निवांत नावाचं औषध आलं.

त्याआधीची दोन-तीन वर्षं आठवली तरी अंगावर काटा येतो. अँटिबायोटिकं एकेक करून निकामी झाली होती. जी दोन-तीन उरली ती जिल्ह्याच्या औषध समितीनं कुलपात घातली, समितीची मंजुरी आल्याशिवाय एक बाटली मिळत नसे. आमच्याकडे आठवड्याला पंधरा-वीस पाय कापले जायचे. कापलेला पाय किती जड असतो ते उचलल्याशिवाय कळत नाही. मी उचललेत. म्हणून निवांत आल्यावर आमचे डॉक्टर शिरगुप्पे देव पावल्यासारखे वागले, त्याबद्दल मी त्यांना कधी हसले नाही.

औषध बाळहिरड्यापासून काढलेलं. जुन्नर-आंबेगावकडच्या डोंगरात लोक कोवळा हिरडा झोडून वाळवतात, तोच. त्यातल्या एका घटकाच्या कॅप्सूल आणि जखमेवर लावायचं मलम. डॉक्टरांनी आम्हा सगळ्यांना हॉलमध्ये बसवून समजावून सांगितलं.

"एकटा जिवाणू काही करत नाही," ते म्हणाले. "तो गपचूप एक रसायन सोडत राहतो. शेजारीही सोडतो. रसायन दाट झालं की सगळ्यांना कळतं, आपण आता पुरेसे झालो. मग एकदम विष सोडतात, चिकट थर बांधतात, मांस विरघळवतात. तो हिरवा रंग, वास, सगळं त्याच वेळी सुरू होतं."

"गावात दगडफेक होते तसं," मी म्हणाले.

"अगदी तसंच. पहिला दगड मारणारा मागं वळून बघतो, किती जण आहेत. हिरड्यातला हा घटक त्यांना मोजूच देत नाही. लाखो झाले तरी प्रत्येकाला वाटतं, आपण एकटेच आहोत."

"आणि मरत नाहीत?"

"मारायचंच नाही, सिस्टर. मारायला गेलं की त्यातले चिवट तेवढे जगतात आणि त्यांचीच प्रजा वाढते. अँटिबायोटिकं अशीच संपली. इथं कुणी मरत नाही, त्यामुळे चिवट होऊन कुणाचा फायदा नाही. गप्प बसलेल्यांना शरीर आपणहून काढून टाकतं."

तिसऱ्या दिवशी वॉर्डातला वास गेला. पू आटला, हिरवे डाग बंद झाले, ताप उतरले. कापायचे ठरलेले पाय चालत घरी गेले. कंपनीनं जाहिरात केली, 'कुणाचाही जीव न घेता बरं करणारं औषध.' आमच्या जैन समाजात तर ते लोकांनी डोक्यावर घेतलं. मला मात्र पट्टी सोडल्यावर कसंतरी व्हायचं. हाडापर्यंत खड्डा, आत गुलाबी ओलसर मांस आणि वास शून्य. दुकानाच्या काचेत ठेवलेल्या पायासारखं ते दिसायचं. पोट ढवळायचं नाही, आणि ढवळत नाही म्हणून जिवाला चैन पडायचं नाही.

एकदा मी गुपचूप अशा एका जखमेतला नमुना घेऊन लॅबमधल्या नदाफभाऊंना दिला. दोन दिवसांनी त्यांनी काचेची बशी माझ्या पुढ्यात ठेवून झाकण उचललं. बशी हिरवीगार झाली होती आणि माझ्या माहेरच्या शेडचा वास खोलीभर सुटला. मी ती तशीच डॉक्टर शिरगुप्प्यांकडे नेली.

"उगवणारच," ते म्हणाले. "बशीत हिरडा कुठंय? पायात आहे. पायात ते गप्प आहेत, एवढंच आपल्याला पाहिजे."

"पण शरीर काढून टाकणार होतं ना त्यांना?"

"ज्यांचं रक्त नीट फिरतं त्यांचं टाकतं. मधुमेहवाल्यांना वेळ लागतो. असू देत ना, सिस्टर. खातापिता पाहुणा आहे, भांडत नाही, काय बिघडलं?" मग ते हसून म्हणाले, "हे बशीत उगवून बघणं, कल्चर, आता बंदच करतोय आपण. प्रत्येकाचं पॉझिटिव्ह येणार, उगीच घबराट. पेशंटला घरी सोडताना तीन गोष्टी बघायच्या. ताप, रंग आणि वास. वासाच्या रकान्यात सही तुमची."

म्हणजे कार्डावर खास माझ्या नाकासाठी रकाना छापला गेला. मी खुश झाले. त्याच वेळी माझ्या डोक्यात प्रकाश पडायला हवा होता. जे औषध वासच बंद करतं, त्या औषधाखालची जखम हुंगून काय डोंबल कळणार? पण नाकानं कांदे सोलणाऱ्या बाईला आपलंच नाक बंद झालेलं दिसत नाही. तीन वर्षांत मी हजारावर कार्डांवर लिहिलं, 'वास : नाही', आणि खाली के. मगदूम अशी ऐटबाज सही ठोकली.

त्यातलं एक कार्ड माझ्या सासूबाईंचं होतं.

घरात आम्ही दोघीच. सासरे आणि माझे यजमान दोघंही भिंतीवर फोटोत. सासूबाईंचं नाव सोनाक्का, वय शहात्तर, वीस वर्षांचा मधुमेह, आणि डाव्या नडगीवर, घोट्याच्या वर चार बोटं, रुपयाएवढी जखम. म्हातारी सकाळी नळाचं पाणी फडक्यातून गाळायची आणि फडक्याला लागलेले जीव मरू नयेत म्हणून ते फडकं परसातल्या आडात अलगद धुवायची. मुंगीला वाट करून द्यायची. मला मात्र कधी वाट करून दिली नाही, सारखी पायात पायात. पण निवांतवर ती बेहद्द खुश होती.

"कुणाचा जीव गेला न्हाई आणि माझा पाय ऱ्हायला," असं ती देवळात प्रत्येकीला सांगायची. "आमच्या कांचननं हुंगून सांगितलंय."

मार्चमध्ये माझी मुलगी त्रिशला पहिल्या बाळंतपणाला घरी आली. मुलगी झाली. जावई बेळगावला नोकरीत, तो येऊन पेढे वाटून गेला. आणि पाचव्या दिवशी घरात वाद झाला तो बाळाच्या आंघोळीवरून.

आमच्याकडे बाळाला न्हाऊ घालायचं ते पायांवर. न्हाणीत पाटावर बसायचं, पाय लांब करायचे, बाळाला नडग्यांवर पालथं घ्यायचं, तेल चोळायचं आणि वरून कढत पाण्याची धार. सासूबाईंनी आपली चार, दिरांची सहा, माझी त्रिशला आणि गल्लीतली निम्मी पोरं त्या पायांवर न्हाऊ घातली होती. लुगडं गुडघ्यापर्यंत खोचून ती तयारच बसली.

त्रिशला मला आतल्या खोलीत घेऊन गेली. "आई, डॉक्टरांनी सांगितलंय, नाळ पडेपर्यंत नुसतं पुसून घ्या. आणि आजीच्या पायाला जखम आहे."

"जखम भरत आलीय."

"भोक आहे गं अजून. मी बघितलं."

"वास नाही त्याला," मी म्हणाले. "काल संध्याकाळीच हुंगलंय मी. तुझ्या डॉक्टरच्या बापालाही कळत नाही तेवढं माझ्या नाकाला कळतं. म्हातारीचा जीव आहे त्यात, कशाला मन मोडतेस?"

"तू सांगतेस म्हणून," त्रिशला म्हणाली.

मी दारात उभी राहून बघत होते. सासूबाईंनी आधी स्वतःचे पाय डाळीच्या पिठानं आणि गरम पाण्यानं खसाखसा धुतले. जखमेवरचं निवांतचं मलम पार निघून गेलं. "लेकराच्या अंगाला औषधाचा चिकटा नगं," ती म्हणाली. मला तिच्या स्वच्छतेचं कौतुक वाटलं. मग तिनं माझ्या नातीला पालथं घेतलं. बाळाची ओली नाळ त्या नडगीवर टेकली आणि म्हातारीनं पाठीवर पाण्याची धार धरली. बाळ रडलं नाही. मी ड्यूटीवर निघून गेले.

असं चार दिवस चाललं.

नवव्या दिवशी मी संध्याकाळी पाच वाजता घरी आले. चपला काढल्या, हातपाय धुतले आणि बाळंतिणीच्या खोलीत पाऊल टाकलं. धुरी दिलेली होती, ओवा आणि शेपेचा वास होता, आणि त्याच्याखाली आणखी एक.

"द्राक्षं कुणी आणली गं?" मी विचारलं.

"कुठं आहेत द्राक्षं?" त्रिशला बाळाला पाजायचा प्रयत्न करत होती. "दुपारपासून ही पीतच नाहीये, आई. नुसती झोपतीय."

सीझन द्राक्षांचाच होता. कुणीतरी पेटी पाठवली असेल, कॉटखाली सरकवली असेल, म्हणून मी वाकून कॉटखाली बघितलं. तिथं बाळाच्या धुतलेल्या दुपट्यांचा गठ्ठा होता. मी उठले. बाळाचं दुपटं सोडलं आणि खाली वाकले. बेंबीभोवती लाल गोल उठला होता आणि मधे हिरवट ओल. माझं पोट असं ढवळून आलं की मी भिंतीला धरलं. तीन वर्षं कुणाच्या अंगाला हा वास आला नव्हता.

त्या नऊ दिवसांच्या जिवात हिरड्याचा कण नव्हता. तिच्या अंगावर पोचल्याबरोबर त्यांना एकमेकांची मोजदाद करता आली. आपण पुरेसे आहोत हे त्यांना कळलं, आणि ते एकदम तुटून पडले.

लहान मुलांच्या दवाखान्यात तिला काचेच्या पेटीत ठेवलं. पोट फुगलं होतं, रंग राखेसारखा झाला होता. तिथल्या डॉक्टरीणबाई स्पष्ट बोलणाऱ्या होत्या. निवांत नवजात बाळांना देत नाहीत, त्याची चाचणीच झालेली नाही. एक जुनं अँटिबायोटिक कदाचित चालेल, मूत्रपिंडांना त्रास होईल, पण जीव वाचेल. ते समितीच्या कुलपात आहे. उद्या सकाळपर्यंत हाताशी नसेल तर नंतर आणून उपयोग नाही.

समितीवर डॉक्टर शिरगुप्पे होते. मी त्यांच्या घरी गेले. ते जेवत होते, ताटावरून उठले, तेवढं माणूसपण त्यांच्यात आहे. फॉर्म समोर घेतला आणि भराभर भरायला लागले. 'संसर्ग कोठून' या रकान्याशी पेन थांबलं.

"सिस्टर, इथं निवांतच्या पेशंटकडून असं लिहिलं की फाइल चौकशीला पुण्याला जाते. चार दिवस तरी जातील."

"चार दिवस ती जगणार नाही."

"तेच सांगतोय." त्यांनी लिहिलं, 'घरगुती न्हाणी, अस्वच्छ पाणी', आणि फॉर्म माझ्याकडे फिरवला. "खाली घरच्यांची सही लागते."

अस्वच्छ पाणी. आमच्या घरी, जिथं पाणी फडक्यातून गाळतात. मला त्या माणसाची, त्याच्या निळ्या शाईची, त्याच्या बोटाला लागलेल्या आमटीची शिसारी आली. आणि मी सही केली. सही करताना माझ्या मागं दारात त्रिशला उभी होती. नऊ दिवसांची बाळंतीण, रिक्षातून माझ्याबरोबर आलेली. तिनं पुढं येऊन फॉर्म वाचला, माझ्याकडे बघितलं आणि रिक्षात जाऊन बसली.

रात्रीच औषध मिळालं. सहाव्या दिवशी बाळानं डोळे नीट उघडले, एकोणिसाव्या दिवशी पेटीतून बाहेर आलं. मूत्रपिंडं किती दुखावली ते पुढं कळेल म्हणाले. वजन जन्माला आली तेव्हापेक्षा कमी होतं. त्रिशलानं तिला छातीशी धरलं. मी हात पुढं केले तर ती म्हणाली, "नको, आई."

"मी हात धुतलेत."

"तू हुंगलं होतंस," ती म्हणाली. आवाज चढवला नाही. "मी तुझं ऐकलं, आणि त्या कागदावर तू लिहून दिलंस की आमच्या पाण्यामुळं झालं."

ती दवाखान्यातूनच बाळाला घेऊन बेळगावला गेली. आपलेच दात आणि आपलेच ओठ, सांगणार कुणाला.

नदाफभाऊंनी माझ्या विनंतीवरून दोन्ही नमुने तपासले होते, बाळाच्या बेंबीचा आणि सासूबाईंच्या नडगीचा. दोन्ही बशांत एकच जिवाणू, अगदी सख्खा. ते मी घरी येऊन सासूबाईंना सांगितलं. सांगायला नको होतं असं शेजारणी म्हणतात. पण तीन वर्षं लपवालपवीत गेली होती, मला आता तोंड दाबून बसणं जमेना.

सासूबाई देवघरापुढं बसली होती. तिनं लुगडं वर करून ती जखम कितीतरी वेळ बघितली. गुलाबी, सुकी, निर्मळ.

"हितनं गेलं म्हंतीस?"

"हो, आत्याबाई."

"आणि हितं अजून हायती? सगळी?"

"लाखांनी आहेत. औषध आहे तोवर गप्प बसतील."

"आणि उद्या कुणाचं लेकरू ह्या पायाला शिवलं तर?"

मुंगीला वाट देणारी ती बाई नडगीकडे बोट दाखवून म्हणाली, "मारून टाक त्यास्नी."

"मारायचं औषध कुलपात आहे, गप्प जखमेला ते देत नाहीत. आणि आत हाडापर्यंत गेले असतील तर पायच काढावा लागतो."

"मग पाय काढ."

मला वाटलं, रागात बोलतेय. दुसऱ्या दिवशी मी डॉक्टर शिरगुप्प्यांना विचारलं, त्यांनी कार्ड काढलं आणि माझ्यासमोर धरलं. अकरा भेटी, अकरा वेळा 'ताप : नाही, रंग : नाही, वास : नाही'. चांगला पाय कापणारा सर्जन तुरुंगात जातो, असं ते म्हणाले. आणि अकराही सह्या माझ्याच होत्या.

घरी जाऊन हे सांगितल्यावर सासूबाई एवढंच म्हणाली, "वास न्हाई म्हणून कापत न्हाईत व्हय?" त्या दिवसापासून तिनं कॅप्सूल घेणं बंद केलं. मलमाची नळी कचऱ्यात टाकली. मी समजावलं, ओरडले, ताप चढेल, जिवावर बेतेल. ती ऐकेना. देवळात जाणं बंद केलं, अंगणात कुणाचं पोर आलं की लांबूनच हाकलायला लागली. तिसऱ्या रात्री तिला हुडहुडी भरली. चौथ्या दिवशी पट्टी हिरवी झाली. पाचव्या दिवशी, मंगळवारी, ती माझ्या आधी तयार होऊन दारात उभी होती. "चल. आता दिसल त्यास्नी," ती म्हणाली.

मंगळवारी आमच्या ओपीडीत निवांतचे सगळे जुने पेशंट कार्डं घेऊन येतात. दीडशे माणसं बाकांवर बसलेली, पंखे फिरतायत, फरशीला फिनेलचा वास. सासूबाई पहिल्या बाकावर जाऊन बसली. दहा मिनिटांत तिच्या शेजारची बाई उठून मागं गेली. मग मागचा बाक रिकामा झाला. कुणीतरी नाकाला पदर लावला, कुणी खिडकी उघडली. कंपनीचा टायवाला माणूस मलमाच्या फुकट नळ्या वाटत होता, तो रुमाल तोंडावर धरून बाहेर पळाला. ही तीच माणसं होती, ज्यांच्या प्रत्येकाच्या पट्टीखाली हेच गप्प बसलं होतं. त्यांनी नाकं मुरडलेली बघून मला त्यांची कीव आली नाही, चीड आली.

डॉक्टर शिरगुप्पे केबिनमधून बाहेर आले. "हे काय चालवलंय, सिस्टर? आत घ्या त्यांना."

"इथंच बघू," मी म्हणाले आणि ट्रॉली ओढली.

पट्टी सोडली. हिरवा, चिकट थर नडगीच्या मध्यापर्यंत चढलेला. मधे हाड दिसत होतं, ते पांढरं नव्हतं. तीन वर्षं गुलाबी दिसणाऱ्या त्या मांसाखाली हाड हळूहळू पोखरलं गेलं होतं आणि कुणाला पत्ता नव्हता. डॉक्टरांनी एक नजर टाकली आणि ते हलक्या आवाजात म्हणाले, "आत्ताच्या आत्ता निवांत सुरू करा. तीन दिवसांत वास बंद होईल."

"वास बंद करू नगा, डॉक्टर," सासूबाई म्हणाली. तापानं तिचे ओठ सुकले होते. "पाय काढा."

"आजी, अहो तुमच्या कार्डावर..."

"कार्ड हिनंच लिवलंय. आता हिलाच दुसरं लिवू दे."

डॉक्टर माझ्याकडे वळले. "कांचनताई, नीट विचार करा." तीन वर्षांत पहिल्यांदाच त्यांनी मला ताई म्हटलं. "या कार्डावर तुम्ही पाठीमागचं खोटं ठरवलंत की बाकीच्या हजार कार्डांचं काय? त्या माणसांचे पाय मी वाचवलेत. चालतायत ती."

"चालतायत," मी म्हणाले. "घरोघरी चालतायत, नातवंडं खेळवतायत."

एक म्हातारा आपल्या पट्टीकडे बघत होता. त्याच्या मांडीवर दोन-अडीच वर्षांची पोर होती. तिला त्यानं हळूच उचलून शेजारी बाकावर ठेवलं.

मी खाली वाकले. मास्क काढला आणि पूर्वी घ्यायचे तसा, छातीभर श्वास घेतला. तासगावची शेड, रॅकखालचे आंबलेले मणी, चिलटं. घशापर्यंत उमाळा आला, डोळ्यांतून पाणी आलं, आणि इतक्या वर्षांनी मला हायसं वाटलं.

"हाय का गं?" सासूबाईनं विचारलं.

"आहे, आत्याबाई."

"मग लिव."

मी रकान्यात लिहिलं, 'वास : आहे'. मग पानं उलटली आणि मागच्या अकराही 'नाही' खोडून प्रत्येकाच्या पुढं लिहिलं, 'मला कळलं नाही', आणि खाली पूर्ण नाव घालून सही केली. बाकावरचा तो म्हातारा उठला. नातीला तिथंच बसवून तो माझ्या टेबलापाशी आला आणि त्यानं आपलं कार्ड पुढं ठेवलं.